परीची बाग नैसर्गिक वस्तूंची करायची आहे, पण नागपूरच्या उन्हापावसात काही टिकत नाही

गॅलरीतली आजी (मानेवाडा रोड, नागपूर) · मार्चचा पहिला आठवडा

नमस्कार मंडळी. टपाल खात्यातून निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली. हात रिकामे राहिले की डोकं फिरतं, म्हणून काही ना काही उद्योग चालू असतो. गेल्या मे महिन्यात पुण्याहून नात आली होती, सात वर्षांची. तिच्या मैत्रिणीकडे एका पसरट कुंडीत परीची बाग केली आहे म्हणे. छोटं घर, छोटी शिडी, अळंबीची छत्री, सगळं प्लास्टिकचं आणि चकचकीत. आल्या आल्या फर्मान सुटलं, आजी, तुझ्याकडे पण पाहिजे. मी म्हटलं करू, पण विकत काही आणायचं नाही. झाडाखाली पडलेलं मिळेल आणि स्वयंपाकघरात असेल त्यातूनच करायचं. तोंडातून निघून गेलं आणि मग निभावावं लागलं.

आधी जागा सांगते. तिसरा मजला, पश्चिमेची गॅलरी. मे महिन्यात दुपारी दोननंतर तिथल्या फरशीवर पापड भाजून निघेल. पाऊसही पश्चिमेकडूनच येतो, झोड सरळ आत. मातीची कुंडी आहे, दीड फूट रुंद आणि जेमतेम सहा इंच खोल. भाच्याच्या शेतातून काळ्या मातीचं एक पोतं आलेलं होतं. काळी माती म्हणजे सोनं असं जन्मभर ऐकलेलं, म्हणून कुंडी तिनेच भरली.

घर कवठाचं केलं. कवठ मार्चपासून फ्रिजमध्ये पडून होतं. गर काढून चटणी केली, कवटी चमच्याने खरवडली आणि सुरीने टोकरून दार पाडलं. दिसायला इतकं गोड दिसलं की शेजारच्या दोन घरी दाखवून आणलं. आठव्या दिवशी मुंग्यांची रांग कठड्यावरून थेट परीच्या दारात. जुलैत आतून काळी बुरशी आली आणि वास इतका की जावई म्हणाले, आई, इथे काही मेलंय का?

पायवाटेला कडुनिंबाच्या फांदीच्या चकत्या लावल्या. तारांना लागतात म्हणून कॉलनीतल्या फांद्या छाटल्या होत्या, त्यातली एक ओढत वर आणली. मनगटाएवढी जाड, चकत्या सुरेख निघाल्या. चार दिवसांत सगळ्या तडकल्या. प्रत्येकीला एकच तडा, मधल्या ठिपक्यापासून काठापर्यंत, जणू भाकरीचा एक कोर कोणी काढून नेला.

घरासमोर ओसरी हवी म्हणून तिला छप्पर केलं संत्र्याच्या सालीच्या कवेलूंचं. उटण्यासाठी वाळवून ठेवलेल्या साली भिजवल्या, कात्रीने कापल्या, एकावर एक चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येक कवेलू आपापल्या मनाला येईल तिकडे वळला होता. पावसात पांढरा गोंद पुन्हा दुधासारखा झाला आणि सगळं छप्पर घसरून तुळशीत पडलं. शिडी मोडक्या सुपाच्या बांबूच्या काड्यांची होती. तिच्याखाली रोज सकाळी पिवळसर पीठ सांडलेलं असायचं. मी आपली पुसत होते, वरून कोणी काही झटकतंय म्हणून वरच्या मजल्यावर एकदा बोलूनही आले. (माफी मागितली नंतर. ते पीठ घुणाचं होतं.)

आणि सगळ्यात मोठा प्रकार म्हणजे घर कललं. अक्षरशः पिसाच्या मनोऱ्यासारखं. उन्हाने कुंडीतल्या मातीला बोटभर भेग पडली आणि कवठ एका बाजूने तिच्यात उतरलं. जावई म्हणाले, नकाशा मंजूर करून घेतला नव्हता वाटतं.

यंदा नात १० मेला येणार आहे. हातात दोन महिने आहेत. प्लास्टिक नको, रंगीत रेझिनचे बुटके नकोत. कवठाचा माझा हट्ट अजून गेलेला नाही. कोणी केलं असेल तर सांगा, हे सगळं टिकवायचं कसं? आणि छपराला नेमकं काय वापरू?

---

धरमपेठकर

ऑनलाइन पूर्ण सेट मिळतो, घर, कुंपण, विहीर, दोन परी, सगळं. वॉटरप्रूफ असतो. कशाला एवढा व्याप?

---

गॅलरीतली आजी

व्याप हवा आहे म्हणूनच.

---

रंधा

ताई, आयटीआयमध्ये २९ वर्षं सुतारकाम शिकवलं. परीचं घर कधी बांधलं नाही, पण तुमच्या घराचं जे झालं ते नागपुरात माणसांच्या घरांचंही होतं, म्हणून लिहितो.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. तिच्यावर पाया भरायचा म्हटलं की इथला कोणताही मिस्त्री आधी ती उकरून मुरूम भरतो. तुम्हीही तेच करा. घर जिथे बसणार तिथली माती तीन बोटं खोल काढा, बारीक मुरूम ठासून भरा आणि त्यावर चपट्या गिट्टीचं जोतं रचा. घराचं लाकूड किंवा कवटी ओल्या मातीला टेकताच कामा नये. खेड्यातली मातीची घरं उगाच हातभर जोत्यावर बांधत नव्हते. बाकीच्या कुंडीतही निम्मी वाळू मिसळा, भेगा कमी पडतील.

आता चकत्या. लाकूड वाळताना लांबीत जवळपास आटत नाही, आडवं आटतं. आडव्यातही गंमत आहे. गाभ्याकडून सालीकडे जेवढं आटतं त्याच्या साधारण दुप्पट ते गोलाईत आटतं. म्हणजे परीघ कमी व्हायला बघतो, आतलं लाकूड होऊ देत नाही, मग एक तडा देऊन तो मोकळा होतो. तुम्ही जो भाकरीचा कोर म्हणता तो हाच. एवढी जाड ओली फांदी कापून उन्हात टाकली की दुसरं काही होणारच नाही. अंगठ्याएवढ्या फांद्या घ्या, दोन्ही टोकांना मेणबत्तीचं मेण लावून महिनाभर सावलीत पडू द्या, मग कापा. नाहीतर चकती आधीच मधून चिरून अर्ध्या करा. अर्ध्या चकतीला आटायला वाट मोकळी असते. पायवाटेत अर्धगोल उलटसुलट बसवले की दिसतातही छान.

गोंदावर माझा राग आहे. पोरांना मी पहिल्या सहा महिन्यांत गोंदाचा डबा उघडू देत नव्हतो. एवढ्याशा कामालाही खुंटी मारा. सुईने किंवा बारीक ड्रिलने भोक पाडून बांबूची सळी आत घाला, वरचं टोक कापून टाका. उन्हात लाकूड हललं तरी खुंटी त्याच्याबरोबर हलते, गोंद मात्र सुटतो. जिथे गोंदाशिवाय गत्यंतरच नाही तिथे पाण्यात टिकणारा, मरीन लिहिलेला गोंद घ्या.

कवठ सुरीने टोकरू नका, हॅक्सॉच्या सुट्या पात्याने दार कापा. पात्याच्या मागच्या बाजूला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळा, नाहीतर हात कापेल.

राहिलं तेल. जवसाचं तेल, रंगाच्या दुकानात डबल बॉईल म्हणून मिळतं ते. फडक्याने पातळ पुसून घ्या, दोन दिवस वाळू द्या, परत पुसा. चार वेळा. खाण्याचं जवस तेल लावाल तर आठवडाभर चिकट राहील आणि वरून बुरशी त्यावरच वाढेल. आणि एक गोष्ट कान देऊन ऐका. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. ती आपोआप तापून पेट घेतात, आमच्या वर्कशॉपमध्ये एकदा बादलीतून धूर निघालेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. आपल्याकडच्या मे महिन्यात तर विचारूच नका. पसरून दोरीवर वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून मग फेका.

एक विचारतो. माप काय धरलं होतं?

---

गॅलरीतली आजी

माप? डोळ्यांचं. कवठ चार इंचाचं, दार दोन इंचाचं, शिडी सात इंचाची. आणि अंगणात नातीचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल उभा केला होता.

---

रंधा

म्हणजे बैल घरापेक्षा मोठा. परी रोज सकाळी दार उघडून त्याचं पोट बघत असणार.

अर्धा इंच म्हणजे एक फूट एवढं धरा. साडेसहा फुटांचं दार सव्वातीन इंचाचं होईल, बसायचं स्टूल पाऊण इंच उंच, परी अडीच इंच. कवठात सव्वातीन इंचाचं दार बसत नाही, म्हणून कवठाला घर म्हणू नका, धान्याची कणगी म्हणा किंवा न्हाणीघर. बैलाला पोळ्यापर्यंत कपाटात ठेवा.

---

पानफूल

काकू, मी कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि फूटपाथवरून बिया उचलण्याची मला वाईट खोड आहे, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.

इंटरनेटवरच्या सगळ्या परीच्या बागांमध्ये पाइनचे शंकू आणि ओकच्या टोप्या असतात. ती झाडं त्यांच्या देशातली. आपल्याकडे त्याहून मजेदार गोष्टी पायाखाली येतात. सागाचं फळ नीट बघितलं आहे का? कडक बी असतं आणि त्याभोवती कागदी फुगा. तो फुगा म्हणजे तयार आकाशकंदील. आत्ता मार्चमध्ये सागाखाली सडा पडलेला असतो. सुरूची बोंडं वाळली की उघडतात, ती परीच्या बागेतली शोभेची झाडं. निलगिरीची बोंडं उलटी केली की पेले. काटेसावरीच्या खोडावरचे काटे पायाशी गळून पडलेले मिळतात, ते देवळाचे कळस. ओरबाडून काढू नका फक्त. आणि पऱ्हाटीचं कापूस वेचून झालेलं बोंड! चार-पाच पाकळ्यांचं लाकडी फूलच ते.

पण बोंडं आणि पऱ्हाटी थेट घरात आणू नका. वेचणीनंतर उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते, शेतकऱ्यांना पऱ्हाटी शेतात किंवा बांधावर रचून ठेवू नका म्हणून सांगतात ते त्यासाठीच. तुमच्या गॅलरीत कापूस नाही हे खरं, पण अळी दिसली की नात किंचाळेल. यावर नागपूरकरांकडे फुकटची भट्टी आहे. गोळा केलेलं सगळं काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून एप्रिलच्या उन्हात गच्चीवर टाका, चार-पाच दिवस. आत इतकं तापतं की घुण, त्याची अंडी, अळ्या काही उरत नाही. सागाचे फुगे, पिंपळाची पानं असलं नाजूक सामान मात्र पिशवी बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा.

बांबूचं वेगळं. घुण बांबूला खात नाही, बांबूतल्या पिठूळ साखरेला खातो. बुरूड लोक म्हणूनच बांबू पाण्यात मुरवतात. तुमच्या शिडीच्या काड्या तीन आठवडे बादलीत बुडवून ठेवा, पाणी दर दोन दिवसांनी बदला, वास येईल तो सहन करा. शेवटच्या पाण्यात टाकणखार आणि बोरिक पावडर घालून एक रात्र. ते पाणी मुलांपासून आणि मांजरांपासून लांब ठेवा. पावसात हा खार धुऊन जातो, म्हणून रंधा काकांचं तेल वरून हवंच.

मुंग्या आणि बुरशीबद्दल सांगते. कवठाचा गर चमच्याने निघत नाही, धाग्यांत अडकून राहतो आणि त्यात साखर असते. कापलेल्या कवटीत उकळतं पाणी भरून रात्रभर ठेवा, सकाळी काथ्याने घासा, असं तीनदा. मग आठ दिवस उन्हात. हाताने ठोकल्यावर खणखणीत वाजलं की झालं.

आता जरा शिक्षिकेसारखं बोलते. गुंजा वापरू नका. लाल-काळ्या, इतक्या सुंदर, परीच्या घरात कोणीही आधी त्याच लावेल. सोनाराकडच्या तराजूत होत्या म्हणून निरुपद्रवी वाटतात. चावून फोडलेली एक बी लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. पिवळ्या कण्हेरीच्या त्रिकोणी बियाही तशाच. बिब्ब्याचं तेल कातडी भाजून काढतं. आणि खाजकुयलीच्या मखमली शेंगा दिसल्या की हात मागे घ्या, मी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असताना एकदा कौतुकाने गालाला लावून बघितली होती. गोरेवाडा किंवा अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानातून काहीही उचलू नका, तिथलं तिथेच राहू द्यायचं. रस्त्यावरची, कॉलनीतली झाडं पुरतात.

हिरवळीसाठी शेवाळ आणाल तर एप्रिलमध्ये ते तपकिरी होऊन झोपेल. त्याऐवजी किराणा दुकानातून दगडफूल आणा! सावजी मसाल्यातलं तेच. राखाडी, झालरीचं, ओलं झालं की जरा हिरवट होतं. दगडावर नि झाडाच्या सालीवर वाढणारा जीवच तो, उन्हाला भीत नाही. जिवंत झाडं म्हणाल तर जेडची एक फांदी खोचा, वटवृक्षासारखी दिसते, आणि कडेने ऑफिस टाइम, ऊन आलं की फुलणारं ते. पश्चिमेच्या गॅलरीत दोन्ही तगतील.

छपराचं मला सुचलं नाही अजून. पळसाच्या पानांचं एकदा केलं होतं, पत्रावळीसारखं काड्यांनी टाचून, पण ते दिवाळीपर्यंतच.

---

बांधावरून (काटोल)

मावशी, तुमी ज्याले परीची बाग म्हणता ते आमच्या गावात पोट्टे न सांगता करत होते, फक्त परी नव्हती.

ज्वारीचं वाळलेलं धांडं घ्याचं. पेरापेराले कापाचं. वरची चकचकीत साल दातानं सोलून तिच्या बारीक कामट्या काढाच्या अन आतला गाभा बोटाएवढा तोडून ठेवाचा. गाभा थर्माकोलसारखा मऊ असते. कामटी त्याच्यात टोचली की बसलीच. असे टोचून टोचून आमी बैलगाडी करत होतो, चाकं, जू, धुरकरी, सगळं. गोंद कशाले पाह्यजे? सोलताना ओठ नाही कापला असा एक बी पोट्टा गावात नव्हता, म्हणून नातीले दातानं सोलू देऊ नका, चाकू द्या अन जवळ बसा.

अन भुलाबाई विसरल्या का जी तुमी? भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीलोक आमच्या बहिनी मातीची भुलाबाई अन भुलोजी मांडत. कोजागिरीले त्यायच्यावर धांड्याचा मंडप उभा राहे. तो मंडप पाहून तुमच्या परीले लाज येईन. मंडप दरवर्षी नवा होये. कोणी म्हनलं नाही का टिकला पाह्यजे.

सध्या रब्बीची ज्वारी निघून राह्यली. धांडे लागन त सांगा, कोणी नागपूरले येनार असलं त पाठवतो.

---

गॅलरीतली आजी · एप्रिल

काटोलचे भाऊ, धांडे मिळाले, उपकार झाले. पिशवीत दोन वांगी आणि पावशेर तूरडाळही निघाली, ती कशासाठी ते कळलं नाही पण पोचली.

भुलाबाई मी खरंच विसरले होते. माझं माहेर आर्वीचं. आम्ही शेजारणी मिळून गाणी म्हणायचो आणि खिरापत ओळखायचो. कोरडी वाजते की ओली वाजते म्हणून डबा हलवून बघायचा. तो धांड्यांचा मंडप माझे वडील बांधायचे. त्यांनी गोंद कधी विकत आणल्याचं आठवत नाही, सुतळीही नाही. कामटीच वाकवून बांधायचे. मी पन्नास वर्षं हे डोक्यात घेऊन फिरते आहे आणि गेल्या वर्षी बाजारातून गोंदाच्या तीन बाटल्या आणल्या!

हिशोब देते. मुरूम घरामागच्या बांधकामावरून दोन मुठी मागून आणला. जोतं चार गिट्ट्यांचं, त्यावर पातळी बघायला मोहरीचे दाणे टाकले. ते घरंगळले नाहीत तेव्हा समाधान झालं. कवठ तीनदा उकळत्या पाण्यात, शेवटी ठोकलं तर टाळासारखं वाजलं. रंधा भाऊ म्हणतात म्हणून त्याची कणगी केली, आणि घर धांड्यांचं, बारा खांबी, एक ओसरी. खांब जोत्याला टेकतात तिथे खाली पिस्त्याची टरफलं उलटी ठेवली, म्हणजे ओल चढणार नाही. हे माझं स्वतःचं डोकं, कोणी सांगितलेलं नाही, तेव्हा शाबासकी द्यावी.

चकत्या अर्ध्या केल्या. सोळातल्या दोन तडकल्या. चालेल.

काळ्या पिशवीचं सांगते. गच्चीवर माझ्या मुगवड्यांच्या शेजारी पिशवी ठेवली होती. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींना वाटलं वाळवणाचंच काहीतरी आहे. त्यांनी उघडून बघितली, आत फक्त काटक्या आणि बोंडं. काही बोलल्या नाहीत, पण तेव्हापासून माझ्याशी जरा हळू आवाजात बोलतात.

परीसाठी पिंपळाची पानं बादलीत टाकून २० दिवस झाले. जुन्या दात घासायच्या ब्रशने हिरवं अलगद निघतं आणि मागे नुसती जाळी राहते. तेच पंख. अंग पऱ्हाटीच्या काडीचं, केस सावरीच्या कापसाचे. डोकं रिठ्याच्या बीचं. बी काळी असल्यामुळे परी सावळी झाली आहे, मला आवडली.

घोडं अडलं आहे ते छपरापाशी. दगडफूल घातलं तर मसाल्याचा वास येतो आणि घर नसून भाजीचं पातेलं वाटतं. पळसाची पानं उन्हात चुरचुरली. धांड्याच्या कामट्यांचं केलं तर फार उघडं दिसतं. काय करू?

---

पानफूल

शाबासकी! पिस्त्याची टरफलं वर्गात सांगणार आहे. छपराबद्दल अजूनही मेंदू चालत नाही.

---

इतवारीतला

काकू, तुम्ही कूलरची ताटी बदलली का यंदाची? नसेल तर दुकानात जाल तेव्हा वाळ्याची घ्या, साध्या गवताची नको. ताटी कापून घेताना कडेचा चुरा उरतो, तो मागा, कोणी पैसे घेत नाही. आमच्याकडे वाळ्याची जुनी ताटी माळ्यावर चार वर्षं पडून आहे, तिला ना उधई लागली ना झुरळ शिवलं. पाणी तर ती पिण्यासाठीच जन्मली आहे.

---

रंधा

हे उत्तर मला यायला हवं होतं. दर मार्चमध्ये ताटी मीच ठोकतो.

वाळा मुळांचा असतो, मुळं वाकडी. जुडी करून पाण्यात भिजवा, दोन फळ्यांत दाबून वाळवा, सरळ होतील. मग बोटभर जुड्या बांधून खालच्या काठापासून वर चढवत या, वरची ओळ खालच्या ओळीच्या निम्म्यावर येऊ द्या. उतार चांगला ४५ अंशांचा ठेवा, कमी उतारावर पाणी थांबतं. शेवटी वरच्या आढ्यावर एक जाड जुडी आडवी टाकून दोन्हीकडून खुंट्या. तेल लावू नका, वास जाईल.

---

गॅलरीतली आजी · २४ मे

उशिरा लिहिते आहे कारण घरात पाहुणी आहे आणि तिला माझा फोन लागतो.

छप्पर वाळ्याचं झालं. सहा ओळी, दोन संध्याकाळी गेल्या, बोटांना सुया टोचल्यासारखं झालं. पण सकाळी झारीने पाणी घालताना दोन थेंब छपरावर पडले की पूर्ण गॅलरीला वास सुटतो. वरच्या मजल्यावरच्या वहिनी (हळू आवाजात बोलणाऱ्या त्याच) रोज सात वाजता आपल्या गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. म्हणतात, तुमच्या परीमुळे आम्हालाही थंड वाटतं.

नात आली, अर्धा तास काही बोलली नाही. मग सागाचे कंदील मोजले. नऊ होते, म्हणाली दहा पाहिजेत. कणगीत काय आहे विचारलं, मी म्हटलं ज्वारी. तिने आत बोट घालून खात्री केली, ज्वारी नव्हती, म्हणून मला डब्यातून आणून भरावी लागली. आता चिमण्या येतात. हा नवा प्रश्न आहे, त्यावर पानफूलने विचार करावा. कणगीला झाकण केलं तर नात म्हणते चिमण्यांचं काय.

छपराचा वास घेऊन झाल्यावर तिने परीला ओसरीतून उचललं, रिठ्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, आजी, हिचं डोकं तापलंय. दुपारचे साडेतीन वाजले होते, ४५ अंश. तापलेलंच असणार.

तर आता परीला कूलर हवा आहे. रंधा भाऊ, अर्धा इंच म्हणजे एक फूट या हिशोबाने माझ्या घरातला साडेतीन फुटी कूलर पावणेदोन इंचाचा होतो, एवढं गणित मी केलं. काडेपेटीची चौकट होईल, ताटीला उरलेला वाळा आहे. पंख्याला चक्रीफूल लावलं, आठ पाती आयतीच मिळाली. पण नात म्हणते फिरला पाहिजे. लवंगेची दांडी घालून बघितली, दोन फेऱ्यांत मोडली. बाभळीचा काटा चालेल का? की दोन्हीकडून खुंटी?

घाई आहे. ५ जूनला ती परत जाते.